देवराईतले उंदीर, तळ्याकाठचे उंदीर

८ फेब्रुवारी, बुद्धसंवत २५६७, गुरुवार

गावाने आज आमचं स्वागत तेवीस उंदरांनी केलं. पेंढ्याच्या आगीवर केस जाळलेले, पोट चिरून स्वच्छ धुतलेले, बांबूच्या चिमट्यांत ओळीने बसवलेले. माझी चुलतबहीण बुआलाय गावची आरोग्यसेविका आहे. तिने ते केळीच्या पानावर मांडून डॉक्टर विपादाच्या पुढ्यात ठेवले, तेव्हा विपादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"यांची पोटं कुठे आहेत?" विपादाने विचारलं.

"पोटं होय? ती ओढ्यात टाकली," बुआलाय म्हणाली. "पाहुण्यांना घाण कोण देतं बाई?"

बँकॉकहून आलेल्या या तेहेतीस वर्षांच्या मुलीला उंदराचं फक्त पोटच हवं होतं. बाकीच्या उंदराशी तिला काही देणंघेणं नाही. पण फोनवर तिने 'उंदीर लागतील' एवढंच सांगितलं, आणि गावाने आपल्या रीतीप्रमाणे ते पाहुण्यांच्या पानात वाढण्याजोगे करून आणले. न साफ केलेला उंदीर पाहुण्याच्या हातात देणं म्हणजे आमच्याकडे अपमान. तिला हे कुठून कळणार? मला कळायला हवं होतं. मी याच गावात जन्मले. शहरात राहून राहून माणूस किती बावळट होतो त्याचा हा नमुना.

दुपारी ते सगळे भाजून खाल्ले. विपादाने आधी नाक मुरडलं आणि मग दुसरी तंगडी मागून घेतली.

आमचं काम सोपं आहे, सांगायला तरी. उंदीर जिवंत पकडायचे, त्यांच्या लेंड्या गोळा करायच्या, खोन केनला प्रयोगशाळेत नेऊन त्यातला डीएनए वाचायचा. कोणत्या उंदराच्या पोटात कोणते जिवाणू नांदतात आणि कोणते कृमी, ते त्यातून कळतं. हेच काम मी एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून केलं. आता यंत्र एका आठवड्यात करतं आणि मी यंत्राला नळ्या भरवते. ३० सप्टेंबरला मी निवृत्त होणार. म्हणजे हा माझा शेवटचा दौरा, आणि तो नेमका माझ्याच गावात निघाला.

विपादाला दोन जागांची तुलना करायची आहे. एक तळ्याचा काठ आणि दुसरी पू-ताची देवराई. पू-ता म्हणजे गावाचा राखणदार, सगळ्यांचा आजा. त्याच्या राईत त्याला विचारल्याशिवाय पाचोळाही उचलता येत नाही. आणि त्याला विचारायचं तर त्याचा पुजारी असलेल्या माझ्या दादाकडे जावं लागणार.

९ फेब्रुवारी

दादा राईच्या तोंडाशी झाडत होता. चौसष्ट वर्षांचा झालाय, पण झाडू मारताना कमरेत तसाच वाकतो, सोळा वर्षांच्या पोरासारखा.

"आलीस?"

"आले."

"जेवलीस?"

"जेवले."

वर्षभरात आमचं एवढंच बोलणं होतं. आज पुढे जावं लागलं. मी काम सांगितलं. तो झाडूवर हात ठेवून ऐकत राहिला.

"म्हणजे उंदीर कुठे काय हगतो ते बघायला आता सरकारी गाडी येते?"

"हो."

"आणि त्यासाठी तू इतकी शिकलीस?"

मला हसू आलं. खूप दिवसांनी त्याच्यासमोर हसले. म्हणाला, परवा ये, पू-ताला विचारून सांगतो.

जे मी कधी लिहिलं नाही ते आज लिहून ठेवते. २५१९ साली, मी अकरा वर्षांची असताना, दादाने राईत फास लावून अकरा उंदीर धरले होते. हंगाम संपला होता, शेतातले उंदीर कमी झाले होते आणि राईत हात घालायची कुणाची छाती नव्हती. याची झाली. बाबांनी ते उंदीर मोठ्या कौतुकाने भाजून खाल्ले. दोन आठवड्यांनी बाबांचं डोकं दुखायला लागलं. उजेड सहन होईना, मान वळेना, पंचा डोक्याला आवळून ते खांबावर कपाळ आपटायचे. गावच्या वैदूने सांगितलं, पू-ता कोपला, त्याच्या घरातली जनावरं तुम्ही पळवलीत. महिनाभरात बाबा गेले.

आई सगळ्यांसमोर दादाला म्हणाली, "बाप खाल्लास." त्यानंतर तीस वर्षं ती जगली आणि त्याच्या हातचं पाणी तिने घेतलं नाही. तो मासे धरून आणायचा, पायरीवर ठेवून जायचा. आई ते मलाच रांधायला लावायची आणि दादाचं नाव न काढता जेवायची. जुन्या चामने, म्हणजे पू-ताची सेवा करणाऱ्या म्हाताऱ्याने, त्याला प्रायश्चित्त म्हणून राई झाडायला सांगितली. म्हातारा गेल्यावर गावाने दादालाच चाम केलं. लग्न त्याने केलं नाही. आपली मुलगी कोण देणार होतं त्याला?

उंदराने बाबांना मारलं नाही हे मला ठाऊक आहे. चांगला भाजलेला उंदीर कुणाला मारत नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि गावासमोर कागद ठेवणं वेगळं. दादाच्या राईतले उंदीर निर्दोष आहेत असा कागद मला मिळाला, तर निवृत्त होण्याआधी एक काम धड केल्यासारखं होईल. विपादाला यातलं काही सांगितलेलं नाही.

११ फेब्रुवारी

दादाने फुलं आणि मेणबत्त्या वाहिल्या, तांदळाची चिमूट घेतली आणि पानावर दोन-दोन दाणे मांडत गेला. जोड्या पुऱ्या लागल्या तर होकार, एक दाणा उरला तर नकार. विपादा ओठांतल्या ओठांत दाणे मोजत होती. तिचं अख्खं संशोधन त्या चिमटीत होतं.

जोड्या लागल्या. पण अटी निघाल्या. राईत एकही जीव मरता कामा नये, लेंड्या घेऊन उंदीर जिथे धरला तिथेच सोडायचा, आणि पिंजऱ्यात चारा चांगला ठेवायचा.

"हे पू-ता म्हणाला?" मी विचारलं.

"चाऱ्याचं मी म्हणालो," दादा म्हणाला.

त्याच्या खोपटात पाणी प्यायला बसलो. एक चटई, एक मच्छरदाणी, भाताची करंडी. चटईच्या समोरच कुडावर आरोग्य खात्याचं जुनं पोस्टर लावलंय. रंग पार उडालेत, पण चित्रं दिसतात. वर उंदीर, मग बाण, मग गोगलगाय, मग बाण, मग डोकं गच्च धरून बसलेला माणूस. खाली लिहिलंय, गोगलगाई कच्च्या खाऊ नका. असली पोस्टरं आमच्याच प्रयोगशाळेतून निघायची, मी नोकरीला लागले त्या वर्षी गठ्ठे बांधले होते. कुडाची फट बुजवायला उपयोगी पडलं म्हणायचं.

१४ फेब्रुवारी

सव्वीस पिंजरे राईत, एकतीस तळ्याकाठी. राईतले उंदीर तांबूस, मोठ्या डोळ्यांचे, हातात घेतले की नुसते थरथरतात. तळ्याकाठचे मात्र गुंड आहेत. एकाने विपादाच्या हातमोज्याला भोक पाडलं.

तळं आटत आलंय. भेगाळलेला चिखल बघून माझे पाय आपोआप तिकडे वळले. उन्हाळ्याच्या तोंडाला गोगलगाई चिखलात खोल जाऊन तोंड मिटून बसतात. वरून काही दिसत नाही, फक्त चिखलावर अर्ध्या चंद्रासारखी एक बारीक चीर. बाबांनी मला ती ओळखायला शिकवलं होतं. "चिखलाने तोंड कुठे मिटलंय ते बघ," असं म्हणायचे. अख्ख्या गावात माझ्याइतका तीक्ष्ण डोळा कुणाचा नव्हता. विळ्याच्या टोकाने खणायचं, बोटाला कवच लागलं की काढायचं. आज वाकून बघितलं आणि पहिल्याच नजरेत चीर दिसली. एकोणसाठाव्या वर्षी, चष्मा लावून. मला इतका आनंद झाला की मी विपादाला हाक मारून दाखवली.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. दादा उंदरांची माळ घेऊन आला आणि त्याच दुपारी मी टोपलीभर गोगलगाई घेऊन आले. बाबा अंगणात बसले होते. म्हणाले, "आज माझी दोन्ही पोरं कमावती झाली." उंदीर विस्तवावर गेले. गोगलगाईंचे दोन वाटे झाले. आईसाठी आणि माझ्यासाठी उकडून, कारण आईला कच्चं चालत नसे आणि मुलांना देत नसत. बाबांसाठी कोय, म्हणजे कच्चीच कोशिंबीर, त्यांच्या हातची. कच्च्या गोगलगाई बारीक चिरून, त्यात लिंबू, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड, पुदिना. दादाला त्यांनी दोन घास भरवले. आता तू मोठा झालास, म्हणाले. बाकीचं सगळं पातेलं त्यांनी पुसून खाल्लं, बोटं चाटत, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले की एवढ्या गोड गोगलगाई या तळ्याने कधी दिल्या नव्हत्या.

तेवढं सुख मला नंतर कधी मिळालं नाही. नोकरी लागली तेव्हाही नाही.

१५ फेब्रुवारी

सत्तावन्न नळ्या भरल्या. उंदीर जिथले तिथे सोडले. दादा प्रत्येक पिंजऱ्यापाशी उभा राहून मोजत होता.

२० फेब्रुवारी

उद्या निघणार. बुआलायने निरोपाचं जेवण केलं. उकडलेल्या गोगलगाई होत्या, आणि तिची नेहमीची कुरकूर.

"चव गेली गं या गावाची. तीस वर्षं झाली कोय खाऊन. खायची तर पलीकडच्या गावात चोरून जावं लागतं."

"का? इथे कोण अडवतं?"

"तुला ठाऊक नाही? तुझ्याच दादाची कृपा. पू-ता स्वप्नात आला म्हणे. म्हणाला, माझे दात पडले, मला कच्ची गोगलगाय चावत नाही, आणि मला चावत नाही ती गावाने खायची नाही. जो खाईल त्याने डुकराचं डोकं वाहायचं. आता डुक्कर कुणाला परवडतं?"

"आणि लोकांनी ऐकलं?"

"ऐकलं म्हणजे? मी त्याच्या आदल्या वर्षी दारोदार पोस्टरं लावली होती. कुणी ढुंकून बघितलं नाही. त्याला एक स्वप्न पडलं आणि अख्खं गाव चुलीवर पाणी ठेवायला लागलं." तिने माझ्या ताटलीत आणखी वाढलं. "पू-ताने ज्याचा बाप नेला, त्याच्या शब्दाला वजन असतंच की."

मला या स्वप्नांची चीड येते. उकडून खाणं चांगलंच आहे, पण ते चांगलं आहे म्हणून खावं, म्हाताऱ्या देवाचे दात पडले म्हणून नव्हे. दादाची बुद्धी लहानपणी माझ्यापेक्षा तल्लख होती. त्या राईत राहून तिला गंज चढला असं मला वाटतं, आणि त्याचं वाईट वाटतं.

१२ मार्च, खोन केन

सिक्वेन्सिंग झालं. विपादा सकाळपासून पडद्यासमोरून हलली नाही. मी तिला चहा नेऊन देत होते आणि थंड झालेले पेले परत आणत होते.

आधी जिवाणूंचं. राईतल्या उंदरांच्या पोटात तळ्याकाठच्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट जाती निघाल्या. विपादा म्हणाली, हे उंदीर रानउंबरं खातात, बांबूचे कोंब खातात, लाकडातले किडे खातात, म्हणून त्यांच्या आतड्यात अजून जंगलातली वस्ती आहे. तळ्याकाठच्यांची पोटं मात्र गावातल्या डुकरांच्या पोटांसारखी झालीत. मी ती नावांची लांबलचक यादी बघत बसले. माझ्या लहानपणी गावाच्या तिन्ही बाजूंना रान होतं. ते तोडून तिथे ऊस आणि कसावा आला. आता ते रान दादाच्या झाडूखाली उरलंय आणि या सव्वीस उंदरांच्या पोटात. मी हे बोलून दाखवलं तर विपादा म्हणाली, "ताई, हे मी निबंधात घालू का?" नको म्हटलं.

मग कृमी. फुप्फुसात वाढून लेंडीतून बाहेर पडणारा, तिथून गोगलगाईत शिरणारा आणि कच्च्या गोगलगाईतून माणसाच्या मेंदूत जाणारा तो कृमी. तळ्याकाठच्या एकतिसांपैकी चौदा उंदरांत सापडला. राईतल्या सव्विसांत एकातही नाही.

एकातही नाही. माझा कागद मला मिळाला.

"पण ताई, एक कळत नाही," विपादा म्हणाली. "तळ्याकाठी इतका कृमी आहे. लोक त्याच तळ्यातल्या गोगलगाई खातात. पलीकडच्या गावात गेल्या पाच वर्षांत या दुखण्याचे नऊ रुग्ण झाले. तुमच्या गावात एकही नाही. का?"

अहवालात त्यासाठी एक रकाना आहे, कारण असा. तो तिने माझ्यासाठी मोकळा सोडला. तुम्ही तिथल्या, म्हणून तुम्हीच भरा, म्हणाली.

१३ मार्च

आज काही लिहिणार नाही.

१७ मार्च

लिहूनच टाकते, नाहीतर फुटेन.

एकतीस वर्षं मी या कृमीवर काम केलं. त्याचं लॅटिन नाव मला झोपेत विचारलं तरी सांगेन. मानेचा ताठरपणा, उजेड न सोसणं, डोकं फुटेल अशी वेदना, कच्ची गोगलगाय खाल्ल्यावर एक ते तीन आठवड्यांनी सुरुवात, हे मी शिकाऊ मुलींना फळ्यावर लिहून दिलं आहे. आणि एकदाही, एकदाही मी बाबांना त्या फळ्यासमोर उभं केलं नाही. सुचलं नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. मी त्या दिशेला वळायची नाही, एवढंच खरं.

उंदीर दादाने आणले. गोगलगाई मी आणल्या. तळ्याकाठच्या, चौदा-एकतीसवाल्या.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचे उंदीर हे नव्हेत, हेही मला समजतं. कुठलंही न्यायालय हा पुरावा धरणार नाही. पण मला न्यायालय नको आहे. दादाला सोडवायचं तर माझं नाव घ्यावं लागेल, आणि मी भित्री आहे. आई मरेपर्यंत माझ्या हातचं जेवली. शेवटचा घास माझ्याच हातून घेतला. दादा तेव्हा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. तो घास त्याचा होता.

१६ एप्रिल, गावी

नववर्षाचं पाणी. दरवर्षीप्रमाणे दादाच्या हातांवर सुगंधी पाणी ओतलं. त्याबरोबर म्हणायचे शब्द ठरलेले आहेत. जाणतेपणी, अजाणतेपणी माझ्याकडून जे चुकलं असेल त्याची क्षमा कर. दरवर्षी मी ते भरभर म्हणून मोकळी होते. यंदा 'अजाणतेपणी'पाशी मी अडले. दादा ओले हात पुढे करून थांबला होता.

"पाणी संपलं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग ओत की. हातांना मुंग्या यायला लागल्या."

ओतलं आणि पळून आले. विपादाचे दोन फोन आले रकान्यासाठी. उचलले नाहीत.

१५ मे, बुधवार

आज पू-ताचा वार्षिक नैवेद्य. सगळं गाव राईत जमलं. कोंबड्या उकडल्या, दादाने त्यांच्या जबड्याची बारीक हाडं सोलून काढली आणि वर धरून बघितली. हाडं सरळ आणि जवळजवळ होती, म्हणजे यंदा पाऊस बरा. लोक खूश होऊन पांगले. बुआलायही दारूचे दोन घोट घेऊन, नाचत गेली. मी भांडी गोळा करायच्या निमित्ताने मागे राहिले.

सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, हातात रिकामं पातेलं धरून. आकडे सांगितले, सव्वीस आणि शून्य, एकतीस आणि चौदा. टोपली सांगितली, कोय सांगितली. म्हणाले, "तुझ्या उंदरांनी नाही रे दादा. माझ्या गोगलगाईंनी."

तो कोंबडीची हाडं पानात गुंडाळत होता. गुंडाळून झाल्यावर म्हणाला, "मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"दोन घास मीही खाल्ले होते की. बाबा झोपून होते तेव्हा माझीही मान आठवडाभर आखडली होती. कुणाला सांगायचं तेव्हा? मला वाटलं, पू-ता मलाही धरतोय. मग बुआलायने ते पोस्टर लावलं. त्यावर माणूस डोकं धरून बसलाय ना, तो बाबाच. मी उभा राहून तीनदा वाचलं. मग रात्री जाऊन ते काढून आणलं."

मला पातेलं खाली ठेवावं लागलं. "म्हणजे एकतीस वर्षं? आणि तू बोलला नाहीस? आईला तरी सांगायचंस."

"आईला सांगून काय झालं असतं? एका पोराच्या हातचं ती जेवत नव्हती. दुसरीच्या हातचंही सुटलं असतं. मग तिला वाढलं कुणी असतं?"

मी रडले. बाबा गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते. त्याने मला रडू दिलं, मध्ये उठून कोंबडीच्या पानांपाशी आलेला कुत्रा हाकलला आणि परत येऊन बसला.

"आणि स्वप्न?" मी विचारलं.

"काय स्वप्न?"

"दात पडल्याचं."

"हां, ते." तो जरा लाजला. "पोस्टर कुणी वाचत नव्हतं. काहीतरी करायला हवं होतं. पू-ताला विचारलं होतं मी, तुझं नाव घेऊ का म्हणून. जोड्या लागल्या."

ज्याची बुद्धी गंजली म्हणून मी इथेच, याच वहीत हळहळले होते, त्याने एकट्याने एक गाव वाचवलं. आमच्या खात्याला ते जमलं नाही. मला त्याचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज, की दोन्ही वेगळं करता येईना. मी म्हणाले, उद्याच्या उद्या गाव जमवते आणि सगळ्यांसमोर सांगते. तुझ्यावरचा डाग पुसते. विपादाच्या अहवालात छापून आणते.

"छापू नकोस," तो म्हणाला.

"का?"

"पेंग, तू शिकलीस तरी तशीच राहिलीस. लोक माझं का ऐकतात? पू-ताने ज्याचा बाप नेला तो मी, म्हणून. पू-ताने नेलाच नाही, असं तू उद्या सांगितलंस की परवा बुआलाय कोय करेल. आणि पहिली मला आणून देईल."

"म्हणजे तू असाच राहणार? बाप खाल्लेला?"

"आता कोण म्हणतंय तसं? म्हणणारी गेली. लोक पाया पडतात माझ्या." त्याने झाडू उचलला. "तुला ठाऊक झालं, पुष्कळ झालं. चल, उजेड आहे तोवर एवढा भाग झाडून घेऊ."

दुसरा झाडू कुठे ठेवलाय ते त्याने दाखवलं. मी झाडलं. या राईत मी पहिल्यांदाच झाडू मारला. मी झाडलेल्या जागेवरून तो मागून पुन्हा झाडत होता.

३० मे

विपादाला अहवाल परत पाठवला. रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं, कारण माहीत नाही. एकतीस वर्षांत मी जाणूनबुजून केलेली ही पहिली खोटी नोंद, आणि बहुधा शेवटची. विपादाने फोन केला. तिचा आवाज खट्टू होता.

"ताई, काहीच अंदाज नाही?"

"नाही गं. तिथली माणसं उकडून खातात एवढं दिसलं. का उकडतात, ते सांगत नाहीत."

२ जून

रविवार म्हणून गावी आले. पावसाने तळं भरत आलंय, गोगलगाई काठाला आल्यात. चीर शोधावी लागली नाही, नुसत्या वेचल्या. टोपली भरायला बाबांच्या वेळेपेक्षा दुप्पट वेळ लागला, कंबर आता वाकत नाही.

बुआलायच्या चुलीवर उकडल्या. लिंबू, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड, पुदिना, सगळं बाबांच्या मापाने. दादाकडे नेल्या. पोस्टरच्या समोर, त्याच्या चटईवर बसलो. भाताची करंडी मध्ये ठेवली. त्याने अठ्ठेचाळीस वर्षांत गोगलगाय तोंडात घातली नव्हती, हे मला आज कळलं. मी विचारलं, भीती वाटते का? तर म्हणाला, भीती कसली, कुणी केलीच नाही मला.

भाताचा गोळा करून त्याने एक उचलली. बराच वेळ चावत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, बाबांनी काय म्हटलं होतं ते आठवत.

"कशा झाल्यात?" मला राहवेना.

"चांगल्या आहेत," तो म्हणाला आणि ताटली जवळ ओढली. "पण पुढच्या वेळी अजून थोडा वेळ उकड."